धर्मादायाची वही कोण वाचणार?

गोरगरीब माणूस आजारी पडला म्हणजे त्याच्या घरात एकदम दोन दुखणी शिरतात. एक त्याच्या अंगात व दुसरे त्याच्या सातबाऱ्यावर. अंगातले दुखणे डॉक्टरच्या हातून बरे होते. पण सातबाऱ्यावर चढलेला बोजा पोरांच्या माथी राहतो. बैल विकून, बायकोचे डोरले गहाण टाकून, नाहीतर पाहुण्यारावळ्यांपुढे पदर पसरून इस्पितळाचे बिल भरलेली घरे आमच्या प्रत्येक वाचकाच्या गल्लीत आहेत. म्हणून आज आम्ही इस्पितळाच्या जमाखर्चावर लिहिण्याचे ठरविले आहे. विषय रुक्ष आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या वहीत आपल्या माणसाच्या जिवाची किंमत लिहिली जाते ती वही रुक्ष म्हणून बाजूस सारणे आम्हांस परवडणारे नाही.

सन २०२५ च्या मार्चअखेर पुणे शहरात जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या एका मोठ्या इस्पितळात आलेल्या गरोदर बाईच्या घरच्यांकडे दहा लाख रुपये अनामत मागितली, असा आरोप झाला. बाईला दुसरीकडे न्यावे लागले व बाळंतपणानंतर ती वारली. चौकशी समित्या बसल्या, मोर्चे निघाले, पुढाऱ्यांनी भाषणे केली. दोष कोणाचा व किती हे ठरविणे चौकशीचे काम आहे. आम्ही येथे न्यायाधीश होऊन बसत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. धर्मादाय इस्पितळात, तातडीच्या वेळी, अनामत हा शब्द निघावाच का? तो निघू नये असा कायदेशीर बंदोबस्त तर तत्पूर्वी जवळजवळ एकोणीस वर्षांपासून होता!

हा बंदोबस्त काय आहे तो आमच्या शेकडा नव्वद बांधवांस ठाऊक नसावा, अशी आमची भीती आहे. सबब तो येथे थोडक्यात सांगतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यात कलम ४१ कक म्हणून एक कलम आहे. त्यान्वये धर्मादाय इस्पितळांनी गरिबांसाठी खाटा राखल्या पाहिजेत. ते कलम पुष्कळ वर्षे कागदावरच पडून होते. शेवटी मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे लोकहिताचा दावा गेला व न्यायालयाने २००६ च्या ऑगस्टात एक योजना मंजूर करून ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू केली. त्या योजनेप्रमाणे दर शंभर खाटांपैकी दहा खाटा निर्धन रुग्णांस अगदी फुकट व दहा खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांस सवलतीने द्यावयाच्या आहेत. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तो निर्धन व ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तो दुर्बल, अशी मर्यादा पुढे वाढवून ठरविण्यात आली. तहसीलदाराचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचे रेशनकार्ड हा पुरावा. आणि रुग्ण तातडीचा असेल तर अनामत न मागता त्यास दाखल करून घ्यावे व जीव वाचविण्यापुरते उपचार आधी करावेत, असेही त्यात स्पष्ट आहे.

हा खर्च भागावयाचा कसा? त्याचीही तजवीज योजनेतच आहे. बाकीच्या सर्व रुग्णांच्या एकूण बिलातून शेकडा दोन रुपये बाजूस काढून 'निर्धन रुग्ण निधी' या नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवावयाचे. समजा, एखाद्या इस्पितळात २०० खाटा आहेत व वर्षाची बिले ५० कोटींची होतात. तर त्याने २० खाटा फुकट, २० खाटा सवलतीने द्यावयाच्या व १ कोटी रुपये त्या खात्यात टाकावयाचे. खाट, परिचारिकेची सेवा, चादर, पाणी, दिवाबत्ती यांचे पैसे निर्धन रुग्णाकडून घ्यावयाचे नाहीत व निधीतूनही काढावयाचे नाहीत. ज्या सेवांचे बिल होते ते सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने लावावयाचे. औषधे व शरीरात बसवावयाच्या वस्तू इस्पितळाने ज्या भावाने खरेदी केल्या त्याच भावाने लिहावयाच्या. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधांच्या खर्चाचा निदान निम्मा भाग द्यावयाचा व उरलेला निधीने सोसावयाचा. इतके सगळे लिहिलेले आहे.

हे औदार्य नव्हे, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेस आयकराची माफी मिळते. कित्येकांस सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळाली, कित्येकांस जादा बांधकामाची परवानगी मिळाली. ही माफी म्हणजे सरकारी तिजोरीत न आलेला पैसा. आणि त्या तिजोरीत काडेपेटीपासून डिझेलपर्यंतच्या करातून रोजंदारीवरची बाईसुद्धा भर घालीत असते. तेव्हा त्या दहा खाटांचे भाडे आमच्या समाजाने आगाऊ भरलेले आहे. ज्याने आगाऊ भाडे भरले त्याने दारात हात जोडून उभे का राहावे?

आता राज्यात अशी इस्पितळे चारशेंहून अधिक आहेत. खाटांचा हिशेब मांडला तर गोरगरिबांस हजारो खाटा मिळावयास हव्यात. मग गरीब माणूस तेथे गेला असता काय होते? कधी 'आज खाट शिल्लक नाही' असे उत्तर मिळते, कधी 'दाखला आणा, मग बघू' असे सांगतात, आणि सर्वांत हमखास उत्तर म्हणजे 'निधीत तूट आहे.' पहिली दोन उत्तरे खोटी असली तर पकडता येतात. तिसरे उत्तर मात्र वहीच्या आड लपलेले असते, म्हणून त्याचा विचार अधिक काळजीने केला पाहिजे.

निधीत तूट आहे असे म्हणणाऱ्यास विचारावे की, निधीतून जे खर्ची टाकले ते कोणत्या भावाने? औषधाच्या पाकिटावर छापलेला भाव व इस्पितळाने दिलेला भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. २०१८ साली राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने दिल्लीच्या आसपासच्या चार मोठ्या खाजगी इस्पितळांची बिले तपासली, तेव्हा काही किरकोळ वस्तूंवर खरेदीच्या शेकडा सतराशेंहूनही अधिक नफा घेतल्याचे उघड झाले. ती इस्पितळे दिल्लीकडची व खाजगी होती. आमच्याकडील प्रत्येक धर्मादाय इस्पितळ तसेच करते असा आरोप आम्ही करीत नाही. पण सुई व सलाइनची नळी यांचा भाव कसा फुगतो हे त्यावरून कळते. छापील भावाने खर्च टाकला की एक कोटीचा निधी सहा महिन्यांत आटतो. खरेदीच्या भावाने टाकला तर तोच वर्षभर पुरेल. म्हणजे दैवाइतकीच तूट ही कारकुनाच्या लेखणीतूनही उपजू शकते.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर आमचे लिहिणे एकांगी होईल. इस्पितळ हवेवर चालत नाही. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, झाडूवाली बाई यांचे पगार दर महिन्यास झालेच पाहिजेत. प्राणवायू, वीज, औषधे, यंत्रांची दुरुस्ती हा खर्च रुग्ण येवो न येवो उभाच असतो. जे विश्वस्त हा खर्च डोळ्यांआड करतात त्यांचे इस्पितळ चार वर्षांत बंद पडते, आणि बंद पडलेल्या इस्पितळात गरिबास दहा सोडाच, एकही खाट मिळत नाही. म्हणून हिशेबी माणसास आम्ही शिव्या देत नाही. उलट आमचे म्हणणे असे की, हिशेब अर्धवट न करता पुरता करा. पगार आणि वीज रिकाम्या खाटेसाठीही द्यावी लागते. मग त्या रिकाम्या खाटेवर गरीब निजला तर जादा खर्च होतो तो त्याच्या औषधाचा व अन्नाचा, संपूर्ण खाटेचा नव्हे. 'गरिबामुळे आम्ही बुडालो' असे म्हणण्यापूर्वी हा फरक वहीत दाखवावा.

गरिबास सांभाळूनही इस्पितळ भरभराटते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. तमिळनाडूत मदुरै येथे डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अवघ्या अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ज्यास ऐपत आहे त्याने पैसे द्यावेत व त्यातून ज्यास ऐपत नाही त्याचे डोळे फुकट व्हावेत, हा त्यांचा बेत. नुसत्या दयेवर तो तडीस गेला नाही. त्यांनी कामाची पद्धत बसविली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असता शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार ठेवावयाचा, म्हणजे सर्जनचा वेळ फुकट जाऊ नये. खेड्यांतल्या मुली निवडून त्यांस डोळ्यांच्या कामाचे शिक्षण द्यावयाचे, म्हणजे जे काम डॉक्टरवाचून होते त्यात डॉक्टर अडकू नये. परदेशी भिंगे महाग पडू लागली तेव्हा १९९२ साली त्यांनी स्वतःचा कारखानाच काढला व भिंगाची किंमत पूर्वीच्या लहानशा अंशावर आणली. आज तेथे लाखो लोकांचे डोळे उघडतात. हृदयाचे अगर कर्करोगाचे इस्पितळ याच नमुन्यावर जसेच्या तसे चालेल असे आम्ही म्हणत नाही. मोतीबिंदूचे काम एकसारखे असते, ती कामे तशी नसतात. परंतु काटकसर कोठे करावी हे मात्र मदुरैने दाखवून दिले आहे. ती गरिबाच्या खाटेत करावयाची नसते. वाया जाणाऱ्या वेळेत व फुगवलेल्या खरेदीत करावयाची असते.

आता सरकारी इस्पितळांकडे वळू. कारण धर्मादायाच्या दारातून परतलेला माणूस शेवटी तेथेच जातो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सर्व काही फुकट झाले. हा निर्णय चांगला, आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु त्याच ऑगस्टात ठाण्याजवळच्या कळव्यास पालिकेच्या इस्पितळात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले. आणि ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात २४ जीव गेले, त्यांत १२ तान्ही बालके होती. औषधे होती की नव्हती यावर वाद झाला. तेथील अधिकाऱ्यांनी तुटवडा नाकारला. रुग्ण फार उशिरा व फार वाईट स्थितीत पाठविले गेले असे सांगितले. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, तेव्हा रिकाम्या जागा व औषधखरेदीची दिरंगाई या गोष्टी पुन्हा चव्हाट्यावर आल्या.

यातून शिकावयाचे ते हे की, फुकट हा शब्द पाटीवर लिहिल्याने उपचार होत नाहीत. अंदाजपत्रकात रक्कम मंजूर होते, ती मार्चअखेर हाती येते, खरेदीचा अधिकार मुंबईस, गरज नांदेडास. आणि मध्ये फायलीचा प्रवास. कपाट रिकामे झाले की डॉक्टर 'बाहेरची चिठ्ठी' लिहून देतो. ती चिठ्ठी घेऊन बाप समोरच्या मेडिकल दुकानात उभा राहतो, तेव्हा त्याच्या लेखी सरकारी इस्पितळ व खाजगी इस्पितळ यांत अंतर ते काय राहिले? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांस सांगितले होते की, २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकातील शेकडा आठहून अधिक वाटा आरोग्यावर खर्चा. ती मुदत केव्हाच उलटली व महाराष्ट्र त्या रेषेच्या पुष्कळच खाली राहिला. पैसे कमी, आणि आहेत तेही वेळेवर नाहीत, अशी ही दुहेरी अडचण आहे.

आमच्या राज्यात गरिबांच्या उपचारांची जी मोठी योजना आहे तिला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव आहे. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने सुरू झाली, २०१७ साली तिला हे नाव दिले, आणि पुढे दर कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांची हमी तीत देण्यात आली. योजनेत असलेल्या इस्पितळाने योजनेतल्या उपचारांसाठी रुग्णाकडून पैसा घ्यावयाचा नाही, हा नियम आहे. नाव घेतले म्हणजे नावाप्रमाणे वागण्याची जबाबदारीही येते. जोतीरावांच्या माघारी, १८९७ च्या प्लेगात, त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस माळावर दवाखाना घातला. सावित्रीबाई तेथे प्लेगचे रुग्ण आणून पोचवीत, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या माउलीने आलेल्या रोग्याची ना जात विचारली, ना अनामत. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानातील दवाखान्यांस हुकूम काढला की, अस्पृश्य रुग्णांस इतरांप्रमाणेच आपुलकीने वागवावे. ज्यास हे रुचत नसेल त्याने नोकरी सोडावी. आणि १९४६ साली भोर समितीनेही सांगून ठेवले की, केवळ पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणासही योग्य उपचारांवाचून राहावे लागू नये. तेव्हा आज आम्ही मागतो ते नवे नाही. पूर्वी दवाखान्याच्या दारात जात आडवी येत असे. आज तिच्या जागी रोखपालाची खिडकी येऊन बसली आहे.

जोतीरावांच्या नावाच्या योजनेतही दोन उणिवा आम्हांस दिसतात. एक अशी की, ती माणूस खाटेवर पडल्यावर पैसे देते. मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, खेड्यातला साधा ताप यांस तिचा हात पोचत नाही. गोळीवाचून बिघडलेला माणूस मूत्रपिंड निकामी झाल्यावर आला म्हणजे मग सरकार लाखो रुपये मोजते. आड बुजला नाही तेव्हा गाळ काढावयाचा नाही, आणि बुजल्यावर नवा खोदावयाचा, असा हा व्यवहार आहे. दुसरी उणीव अशी की, उपचारांचे दर ठरलेले व त्यांचे पैसे इस्पितळास मिळावयास उशीर. म्हणून ज्या शस्त्रक्रियेत चार पैसे सुटतात तिला खाट मिळते व ज्या दुखण्यात खर्च अंगावर येतो त्यास 'ही सोय आमच्याकडे नाही' असे सांगण्याचा मोह होतो. हा मोह मोडावयाचा तर सरकारने दर वास्तव ठेवावेत व पैसे मुदतीत द्यावेत. आणि तरीही जो रुग्ण परतवील त्यास योजनेतून काढावे.

आता चार शब्द आमच्याच माणसांस. निर्धनांच्या खाटा खऱ्या निर्धनांस न मिळण्यास केवळ विश्वस्तच कारण आहेत काय? गावातला जमीनजुमलेवाला उत्पन्नाचा खोटा दाखला काढतो, पुढाऱ्याची चिठ्ठी खिशात घालतो व त्याच खाटेवर जाऊन निजतो. मजुराच्या तोंडचा घास काढणारा हा माणूस आमच्याच समाजातला आहे, हे कबूल करावयास आम्हांस लाज वाटते. तसेच मृत्यू झाला की काचा फोडणे, शिकाऊ डॉक्टरला मारणे हा पुरुषार्थ नव्हे. चोवीस तास जागलेले ते पोर पुष्कळदा शेतकऱ्याचेच असते. औषध खरेदीचा निर्णय त्याने केलेला नसतो व अनामतीचा नियमही त्याने केलेला नसतो. या मारहाणीविरुद्ध २०१० चा कायदा आहेच. पण कायदा नसता तरी ते कृत्य निंद्यच ठरले असते. ज्याच्या हाती लेखणी आहे त्यास जाब विचारा. ज्याच्या हाती सुई आहे त्यास नव्हे.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत व त्यांस नवा कायदा लागत नाही. प्रत्येक धर्मादाय इस्पितळाने आपल्या दारावर मराठीत फळा लावावा: निर्धनांच्या खाटा किती, आज रिकाम्या किती, गेल्या महिन्यात निधीत जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. धर्मादाय आयुक्तांच्या निरीक्षकांनी बेरीज तर तपासावीच, पण औषधे कोणत्या भावाने लिहिली तेही पाहावे. रुग्ण तातडीचा आहे किंवा नाही हे डॉक्टरने ठरवावे. त्याचा शेरा पडेपर्यंत रोखपालाने तोंड उघडू नये. सरकारी इस्पितळाच्या औषधकोठीबाहेर नेहमीच्या औषधांचा साठा किती दिवस पुरेल याचा तक्ता लागावा, व तो महिन्याच्या खाली आला की तेथल्या तेथे खरेदी करण्याचा अधिकार आणि त्यासाठी रक्कम इस्पितळाच्या प्रमुखाकडे असावी. तालुक्याच्या इस्पितळांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठका केव्हा होतात, त्यांत कोण बसते, पैसा पडद्यांवर जातो की सर्पदंशाच्या लशीवर, हे विचारण्यास कोणाची मनाई आहे? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपण जितका जोर लावतो त्याचा दहावा हिस्सा येथे लावला तरी पुष्कळ होईल.

आमच्या शिकलेल्या तरुणांस शेवटची विनंती आहे. तुमच्यातले कित्येक बी. कॉम. झाले आहेत, कित्येक हिशेब तपासनिसांकडे काम करतात. आठवड्यातला एक दिवस जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. नजीकच्या इस्पितळाचा जमाखर्च मागा, अर्ज करून मागा, आणि गावच्या पारावर तो मोठ्याने वाचून दाखवा. वरील ४१ कक हे कलम व तातडीस अनामत नाही हा नियम शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता गाडीतून माणूस घेऊन निघालेल्या बापास तो तोंडपाठ असेल. जोतीरावांनी आमच्या हाती पाटी दिली ती दुसऱ्यांच्या वह्या आपल्यास वाचता याव्यात म्हणूनच. सावकाराची वही वाचावयास आपण शिकलो. आता इस्पितळाची वाचावयास शिकले पाहिजे.